दांडी भिंतीला, कडी दाराला

माझ्या बाथरूमची कडी माझ्या मुलानं मला न विचारता काढली. मी नगरला दवाखान्यात होते, खुब्याच्या हाडात रॉड घालून पडलेली, आणि इकडे केडगावच्या घरात हा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला होता. घरी आले. वॉकर टेकत टेकत बाथरूमपर्यंत गेले, दार लोटलं आणि सवयीनं हात वर गेला. तिथं कडी नव्हती. नुसती स्क्रूची भोकं होती.

"आई, आता कडी नको," तो बाहेरून म्हणाला. "दार नुसतं लोटून घ्यायचं."

 भांडायला दोन्ही हात मोकळे लागतात आणि माझे दोन्ही हात वॉकरवर होते. पण ही कडी मी परत बसवून घेणार, आणि तिच्या आत एकटीनं अंघोळ करणार, एवढं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

त्याचीही बाजू सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी एकतर्फी बोलते. मी पडले ती बाथरूममध्येच. अंघोळ उरकून पाटावरून उठताना टॉवेलच्या दांडीला हात घातला. ती बिचारी टॉवेलापुरती. प्लास्टिकच्या गिट्टीत बारके स्क्रू, त्यांच्या जिवावर माझं वजन कसं पेलणार? ती माझ्यासकट खाली आली. मी पडले तीही नेमकी दाराला आडवी, आणि दार आत उघडणारं. वर कडी लावलेली. बाहेरून ढकलतील तसं ते खालून वाकून माझ्याच खुब्यावर आदळे. शेवटी शेजारचा एक अंगानं बारीक रिक्षावाला शिडी लावून वर चढला, व्हेंटिलेटरच्या काचा काढून आत उतरला आणि त्यानं मला बाजूला सरकवून कडी काढली. माझ्या अंगावर ओला टॉवेल होता, तोही अर्धा. दारात निम्मी गल्ली उभी होती. मुलाला त्या दिवशी भीती बसली ती बसलीच. ती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण भीती त्याची आणि दार माझं, हा हिशेब मला मान्य नव्हता.

कडीचं एवढं काय, असं सगळे विचारत. त्यांना काय सांगायचं? लग्न होऊन जामखेडकडच्या गावी गेले तेव्हा बायकांची न्हाणी म्हणजे घरामागची एक फरशी, तीन बाजूंना तुराट्यांचा कूड आणि चौथ्या बाजूला जुन्या लुगड्याचा पडदा. उजाडायच्या आत, अंगावरच्या लुगड्यानिशी दोन तांबे ओतायचे आणि तसंच थरथरत घरात पळायचं. वारा सुटला की पडदा कोणाच्या बाजूचा, हे कळत नसे. पुढं शाळेत नोकरी लागली, बदल्या झाल्या, भाड्याच्या खोल्या झाल्या, सगळीकडे मोरी सामाईक. केडगावला स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा मी गवंड्याला सांगितलं, देवघराचं नंतर बघू, आधी बाथरूम दाखवा आणि त्याला आतून कडी. सासरची माणसं, स्वयंपाक, पोरांच्या वह्या, यांच्यात दिवसातून एकदाच मी कडी लावून बसत असे. आत असताना कोणी हाक मारली तर नुसतं 'आले' म्हणायचं. उठायचं नाही. असं सुख मला दुसऱ्या कुठल्याही खोलीत मिळालं नाही.

दवाखान्यातून आल्यावर सून मला अंघोळ घालायची. ती पतसंस्थेत नोकरीला आहे. सकाळची तिची धावपळ असते, पण माझ्या अंगावर पाणी ओतताना तिनं कधी घाई केली नाही. हात वर करा म्हणाली की मी हात वर करायची, मान खाली म्हणाली की मान खाली. पोरगी गुणाची आहे. तरी अंघोळ करणं वेगळं आणि अंघोळ घातली जाणं वेगळं. पहिल्यात माणूस असतं, दुसऱ्यात नुसतं अंग.

माझी धाकटी जाऊ गावाकडून मला बघायला आली होती. कडीची तक्रार तिच्यापाशी केली तर तीच मला हसली.

"अवो अक्का, या वयात कशाला पायजे कडी? कोन बघतंय तुमाला?"

"तिजोरीत काही नाही म्हणून तू घराला कुलूप लावायचं सोडतेस का?"

"तुमाला कोन बोलनार बाई," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

मुलाला मी महिनाभर छळलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "तू एकटी उठून दाखव. कोणाचा हात न धरता आत जा, अंघोळ कर, बाहेर ये. मग कडीचं बघू." मी म्हटलं, माणसाचा हात नको ना, मग भिंतीचा चालेल. आणि दांड्यांचं प्रकरण सुरू झालं.

पहिली दांडी त्यानं मोबाईलवरून मागवली. तिच्या दोन्ही टोकांना रबराच्या वाट्या, भिंतीवर दाबायच्या की चिकटतात, भोक पाडायला नको. खोक्यावर एक गोरी बाई ती धरून टबात उतरता उतरता हसत होती. आमच्याकडे टब नाही, आणि बोअरचं पाणी असलं जड की टाइल्सवर क्षाराचा पांढरा थर कायमचा. दांडी भिंतीला चिकटली तेव्हा मुलाचा चेहरा खुलला. संध्याकाळी आम्ही टीव्ही बघत असताना ती आपण होऊन बादलीत पडली. मी आत नव्हते म्हणून मला हसता आलं.

दुसऱ्या वेळी मी स्वतः दुकानात गेले. मुलगा नको नको म्हणत होता, पण रिक्षात बसायला मला येत होतं. नगरच्या हार्डवेअरच्या दुकानात त्या दांड्यांना 'ग्रॅब बार' म्हणतात. दुकानदारानं आरशासारख्या चकचकीत दांड्या समोर मांडल्या. मी त्याच्याकडे तांब्याभर पाणी मागितलं. त्याला वाटलं, प्यायला. मी दोन्ही हात ओले केले, तळव्याला त्याच्याच बेसिनवरचा साबण चोळला आणि एकेक दांडी मुठीत धरून ओढून बघायला लागले. मुलगा दुकानाबाहेर जाऊन फोनवर बोलल्याचं नाटक करत उभा राहिला. चकचकीत दांडी हातातून माशासारखी सुटली. एक इतकी जाड की माझी बोटं अंगठ्याला भेटेनात. जी मूठ मिटत नाही ती वेळेला काय धरणार? मग त्यानं कोपऱ्यातून एक काढली, मधला भाग खरबरीत, मूठ नीट मिटेल एवढ्या जाडीची, आणि भिंतीला बसणारी चकती चांगली रुंद, तिला स्क्रूची भोकंही मोठी.

"मॅडम, ही दिसायला बरी नाही हो," तो म्हणाला. "चकचकीत न्या, बाथरूमला शोभा येते."

"मी शोभेला नेत नाही. मी पडणार आहे असं समजून दे."

त्यानं खरबरीत दांड्या बांधून दिल्या, एक आडवी बसवायला, एक उभी.

मिस्त्री आला तेव्हा मी खुब्याचा व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंकडे गेले होते. परत आले तर काम उरकलेलं. आडवी दांडी मिस्त्रीच्या छातीला लागेल अशा उंचीवर झोकात बसली होती. आता मला सांगा, आमच्यासारख्यांच्या घरात उभं राहून अंघोळ करतं कोण? शॉवर आहे, पण तो पाहुण्यांना दाखवायला. आम्ही बादली-तांब्याची माणसं, बसून अंघोळ करणारी. पाट डॉक्टरांनी बंद केला होता म्हणून खाली रबर लावलेलं उंच स्टूल आणलं होतं. त्यावर बसून दांडी धरायला गेले तर माझा हात वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखा डोक्याच्या वर. तिथून जोर लागतो कसला? जगातल्या सगळ्या दांड्या उभ्या माणसासाठी ठरवून ठेवल्यात, आणि आमच्या माणसांनीही त्या तशाच ठोकल्या. घरातली बाई बसून अंघोळ करते हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

वर आणखी एक. घरात आडवी दांडी दिसली की आमच्या लोकांना ती कपडे वाळत घालायचीच वाटते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर मुलाचा बनियन, सुनेचा परकर, जावेचं धुतलेलं लुगडं आणि एक पोतेरं. म्हणजे वेळ आली तर मी लुगडं धरणार आणि लुगडं मला घेऊन खाली येणार. मी एकेक कपडा काठीनं उचलला आणि अंगणात टाकला. पोतेरं मुलाच्या बुटांवर पडलं. ते मुद्दाम नव्हतं, पण मी उचललंही नाही. त्या दिवसापासून त्या दांडीवर कोणी रुमालही टाकला नाही.

मिस्त्रीला परत बोलावलं. मी साडी नेसून, चष्मा लावून, कोरड्या बाथरूममध्ये स्टुलावर बसले आणि त्याला पेन्सिल काढायला सांगितली. मांडीवरचा हात सहज पुढं गेला की दांडी हाताशी यावी, उठताना तिच्यावर खाली दाब देता यावा, वर लोंबकळावं लागू नये. तसं मी हात ठेवून दाखवलं आणि त्यानं खूण केली. उभी दांडी दाराच्या आत, जिथं पायरीएवढी फरशी खाली उतरते तिथं. एका बाजूची भिंत मागाहून घातलेल्या हलक्या ठोकळ्यांची आहे, ती वाजवली की पोकळ बोलते. तिच्यात काही ठोकू नको, विटांच्या भिंतीत घे आणि लोखंडी फास्टनर वापर, प्लास्टिकची गिट्टी माझ्या डोळ्यांसमोर नको, असं मी त्याला बजावलं. गिट्टीनं एकदा मला दाखवलं होतं सगळ्या गल्लीला.

"मावशी, परत भोकं पाडली तर टाइल फुटंल," तो कुरकुरला.

"फुटू दे. हाडापेक्षा टाइल स्वस्त."

काम झाल्यावर मुलाला म्हटलं, लोंबकळ. तो माझ्या दीडपट आहे. तो हसला, पण मी हसत नाही म्हटल्यावर त्यानं दोन्ही हातांनी दांडी धरली आणि सगळं वजन टाकलं. दांडी हलली नाही.

परीक्षेचा दिवस रविवार ठरला. जाऊ मधे गावी जाऊन आदल्या दिवशी करडईचं तेल घेऊन परत आलेली. सकाळी तिनं ते कोमट केलं. "इतक्या महिन्यांनी एकटीनं अंगोळ करनार, आन् ती बी कोरड्या अंगानं? न्हाई जमायचं," म्हणून तिनं मला हाता-पायांना, पाठीला, तळव्यांना तेल चोळून दिलं. आमच्याकडे मानाची अंघोळ तेलाशिवाय होतच नाही. दिवाळीची असो, बाळंतिणीची असो नाहीतर नवरीची. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चोळून घेताना तिच्या किंवा माझ्या, कोणाच्याच डोक्यात काही आलं नाही.

उभी दांडी धरून आत उतरले. स्टुलावर बसले. दार लोटलेलं, बाहेर तिघं कान लावून उभी. अंघोळ झाली. उठायला आडव्या दांडीवर हात ठेवला, जोर दिला, अर्धी उठले आणि हात दांडीवरून सरळ पुढं निसटला. तळपाय फरशीवरून सरकला. मी धाडकन स्टुलावर बसले. स्टूल जागचं हललं नाही म्हणून वाचले. तांब्या मात्र गडगडत गेला, आणि त्या आवाजासरशी दार उघडून तिघंही आत. पुन्हा तेच. पुन्हा सगळ्यांनी बघितलं.

"झालं समाधान?" मुलगा म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. "आता हा विषय बंद."

अंगावर साडी टाकून मला बाहेर आणलं. मला राग आला होता. त्याच्यावर, माझ्या खुब्यावर, सगळ्यांवर. त्याला वाटत असणार, नाचता येईना अंगण वाकडं. पण मी हात पुसायला टॉवेल घेतला आणि टॉवेल पिवळा झाला.

"जा, तळव्याला तेल लाव आणि ती दांडी धर," मी मुलाला म्हटलं.

"आई, पुरे आता."

तो गेला नाही. जाऊ गेली. तिचे हात तेलानं माखलेलेच होते. आतून तिचा आवाज आला, "आगं बया, निसटतंय की खरंच." बाहेर येऊन ती खाटेवर माझ्या शेजारी बसली आणि डोळ्याला पदर लावला. "मीच पाडलं असतं तुमाला, अक्का. चांगलं करायला गेले आन्..."

"तू एकटीनं नाही," मी म्हटलं. "आपण दोघींनी मिळून. तेल केसांना लावायचं, अंगाला लावायचं तर अंघोळीनंतर खाटेवर बसून." आमच्या आज्या-पणज्यांनी तेल लावून अंघोळी केल्या हे खरं, पण त्या जमिनीवर बसायच्या आणि त्यांना उठवायला दोन-दोन लेकीसुना असत. मला कोणी उठवायला नको होतं.

मग मी रोज सराव केला, सून घरात असताना, दार लोटून. दांडीजवळ खुंटीला एक कोरडा पंचा, दांडीला हात लावायच्या आधी हात त्याला पुसायचे. पायाखाली खरबरीत मॅट, दर दोन दिवसांनी उन्हात. उठायच्या आधी स्टुलाच्या कडेला सरकायचं, पाय घट्ट टेकायचे, आधी धरायचं आणि मगच हलायचं. घाईत नेमकं उलटं होतं. नळाला कधी धरायचं नाही, तो कितीही जवळ असला तरी. दांडीवर साबणाचा आणि क्षाराचा बुळबुळीत थर धरतो, तो मी दर आठवड्याला पिळलेल्या लिंबाच्या सालींनी घासते. एवढं सगळं मी शिकले आणि कोणाचाही हात न धरता आत-बाहेर करू लागले. मुलगा बघत होता. पण कडीचं नाव काढलं की "बघू" म्हणायचा. त्याच्या 'बघू'ला मी चांगली ओळखते, शाळेतही तो असंच म्हणायचा.

एका सकाळी नाश्त्याला बसलो होतो. मी पुन्हा कडीचं काढलं, त्यानं पुन्हा "बघू" म्हटलं. सुनेनं तव्यावरून शेवटची भाकरी काढली, गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कडी आजच आणा. आईंसाठी नको, माझ्यासाठी आणा."

त्याला कळेना. मलाही क्षणभर कळेना.

"घरात बाथरूम एकच आहे. आईंची कडी काढलीत तेव्हा माझीही काढलीत. तेव्हापासून मी भरलेली बादली दाराला लावून अंघोळ करते. गावाकडची माणसं येतात, तुमचे मित्र येतात, मिस्त्री येऊन गेला. तुम्हाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मी तिच्याकडे बघत राहिले. रोज सकाळी माझ्या अंगावर पाणी ओतून झाल्यावर ही पोरगी आपली बादली दारापर्यंत ओढत नेत होती, आणि मी कडी माझ्या एकटीचीच समजून भांडत होते.

"मग दार फिरवायचं," मुलगा म्हणाला. "बाहेर उघडणारं करायचं. आणि कडी अशी पाहिजे की वेळ आली तर बाहेरून निघेल."

दाराचं त्याचं खरंच होतं. ते आत उघडत होतं म्हणून मी अडकले होते. सुतारानं दार फिरवलं आणि आतून लोखंडी आकडा लावला, फटीतून पट्टी घातली की वर उचलला जाणारा. माझी शाळेतली स्टीलची फूटपट्टी त्या कामासाठी फ्रिजवर ठेवली. मी अट घातली: आधी हाक मारायची, मी उत्तर दिलं नाही तर पुन्हा मारायची, आणि तरीही उत्तर आलं नाही तरच पट्टीला हात लावायचा. मी उत्तर दिलं तर उत्तर काहीही असो, दार माझं.

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर मी सुनेला दिला. आतून आकडा पडल्याचा आवाज आला. ती नेहमीपेक्षा बराच वेळ आत होती आणि तिला ऑफिसला उशीर झाला. मी तिला एक शब्द विचारला नाही.

मग मी गेले. उभी दांडी धरून आत उतरले, दार ओढलं, आकडा लावला. स्टुलावर बसले. बादलीतून वाफ येत होती. कपडे काढून खुंटीला लावले आणि मान वळवून माझ्या मांडीकडे पाहिलं.

खुब्यापासून खाली लांब व्रण होता, घाईत टाके घातलेल्या गोधडीसारखा, मध्ये थोडा ओढलेला. कडेची कातडी गुळगुळीत आणि माझ्या बाकीच्या अंगापेक्षा तांबूस. हा व्रण डॉक्टरांनी पाहिला होता, नर्सनं, ड्रेसिंग करणाऱ्यानं, मुलानं, सुनेनं, जावेनंही. सगळ्यांचा पाहून झाला होता. मी तो कधीच पाहिला नव्हता. पाहायला गेले की माझ्या तोंडाकडे बघणारं कोणीतरी समोर असे, आणि मी दुसरीकडे बघायची. एकटीच्या सरावातही माझं लक्ष लोटलेल्या दाराकडेच असायचं.

मी त्यावरून बोट फिरवलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग मला रडू आलं. किती महिन्यांचं होतं कोण जाणे. ते मी आवरलं नाही आणि पाण्याचा आवाज करून लपवलंही नाही.

"आई?" मुलगा दाराबाहेर होता. "बरी आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं. "आणि मला अजून वेळ लागणार आहे."